सनदेची परीक्षा आणि भाषेचा रकाना

कायद्याची पदवी हाती आली, राज्याच्या विधिज्ञ परिषदेकडे नाव नोंदले गेले, तरी वकिलीची वाट पूर्ण मोकळी होत नाही. अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण होऊन व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. या परीक्षेच्या अर्जात भाषेचा एक रकाना आहे. इंग्रजी, हिंदी, तेलुगू यांच्यासह ज्या अकरा भाषांतून ही परीक्षा देता येते, त्यांत मराठीही आहे. तामसीच्या मराठी घरातील मुलाने वा मुलीने त्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. आमच्या मते त्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे.

निजामाच्या राज्यात १८८४ च्या सुमारास फारसी मागे पडून उर्दू ही न्यायालयाची भाषा झाली. पैनगंगेकाठच्या शेतकऱ्याची तक्रार मराठीत उमटे, परंतु अर्ज, साक्ष आणि निवाडा उर्दूत होई. मधला दुवा म्हणजे वकील. मराठी मुलुखातून गेलेले केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) याच व्यवस्थेत वाढले. गुलबर्ग्यात आणि पुढे हैदराबादेत त्यांनी वकिली केली व अखेरीस ते तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. राज्यभाषेवर प्रभुत्व मिळवूनही मराठी शिक्षणाची कळकळ त्यांनी सोडली नाही. परंतु प्रत्येक घरात कोरटकर जन्मत नाहीत. ज्याला परभाषेत कायदा पेलला नाही, त्याच्यासाठी न्यायालयाचे दार बंदच राहिले.

त्या राजवटीकडून शिकण्याजोगी एक गोष्टही आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू ठरले, आणि त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतर विभाग उभा करण्यात आला. आधी ग्रंथ आणि परिभाषा, मग अध्यापन आणि परीक्षा, असा तो क्रम होता. प्रजेतील बहुसंख्यांच्या मराठी, तेलुगू, कन्नड भाषांना त्या विद्यापीठात माध्यमाचे स्थान नव्हते, हा अन्यायच. तरीही क्रम बरोबर होता, हे आम्ही मान्य करतो.

आमच्या बाजूची चूकही येथे नोंदवली पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली होती. तेथे अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागताच सभेतील मराठी भाषकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्या अपमानातून आंध्र जनसंघ जन्मला. आज सीमेच्या या बाजूला मराठीसाठी न्याय मागताना तो प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. आमची मागणी तेलुगूच्या विरोधात नाही आणि तशी ती कधीही असू नये.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्याकडे गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. एका रेषेने शेजारच्या गावांच्या न्यायालयांची भाषा निराळी झाली.

परीक्षेचा इतिहास याला समांतर चालतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात प्रशिक्षण व परीक्षेची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळली गेली. विधिज्ञ परिषदेने पुढे प्रशिक्षणाचे नियम केले, ते सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सुधीर खटल्यात रद्द ठरवले. मग २०१० मध्ये सध्याची परीक्षा ठरली आणि ६ मार्च २०११ रोजी ती प्रथम झाली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने अशी परीक्षा घेण्याचा परिषदेचा अधिकार मान्य केला. आता ती टळणार नाही. तिची तयारीच करावयास हवी.

तिचे स्वरूप असे: शंभर बहुपर्यायी प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. सर्वसाधारण व इतर मागास वर्गास पंचेचाळीस, अनुसूचित जाती-जमातींस चाळीस टक्के गुण लागतात. अभ्यासक्रमातील एकोणीस विषयांपैकी राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया यांना प्रत्येकी दहा, पुरावा आणि दंडविधान यांना प्रत्येकी आठ गुण आहेत. या पाचांचेच शेहेचाळीस होतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने खुनाचे जुने कलम ३०२ आता १०३ झाले आहे. जुन्या पुस्तकावर विसंबणाऱ्याची येथे फसगत होते.

आरंभी पुस्तके उघडून उत्तरे लिहिण्याची मुभा होती. २०२१ च्या सोळाव्या परीक्षेपासून केवळ टिपांविना बेअर अ‍ॅक्ट नेता येतात. समासात पेन्सिलीने लिहिलेला शब्दही अडचणीचा ठरू शकतो, तेव्हा नेण्याची प्रत कोरीच ठेवावी. प्रवेशपत्र व छायाचित्र असलेले ओळखपत्र आदल्या रात्रीच पिशवीत घालावे. मोबाइल आत चालत नाही. केंद्र हैदराबादचे मिळाले तर आदिलाबादहून सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर आहे. पहाटेच्या गाडीवर भरवसा न ठेवता आदल्या दिवशीच तेथे पोहोचावे. प्रत्येक वेळची अधिसूचना मात्र स्वतः वाचावी, कारण नियम बदलतात.

आता पुन्हा त्या रकान्याकडे वळू. मराठीतून शाळा शिकलेला, परंतु कायदा इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी केवळ अभिमानापोटी मराठी निवडील, तर 'प्रतिज्ञापत्र' ओळखेल आणि 'अभिसाक्षी' या शब्दापाशी अडेल. प्रश्नपत्रिकेची भाषा हा अर्धाच हक्क होय. उरलेला अर्धा परिभाषेचा आणि पुस्तकांचा आहे. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आणि केंद्रीय अधिनियमांचे मराठी पाठ उपलब्ध आहेत. ते सीमेपलीकडच्या वाचनालयांत पोहोचले पाहिजेत, हीच आमची मागणी.

आमचा सल्ला इतकाच. किमान सहा महिने मराठी पाठ आणि इंग्रजी पाठ शेजारी ठेवून वाचावेत आणि मगच रकाना भरावा. आदिलाबादच्या न्यायालयात तेलुगू आणि इंग्रजी लागणारच, तीही मनापासून शिकावी. परंतु तामसीची एखादी म्हातारी आपल्या शेताच्या बांधाची कहाणी मराठीत सांगू लागेल, तेव्हा ती ऐकून त्याच क्षणी योग्य कलम आठवणारा वकील तिच्यासमोर बसलेला असावा. त्यासाठी आधी तो परीक्षेत उत्तीर्ण व्हावा लागतो.