बंद केबिनमधली शांतता : यंत्रचालकाच्या कानांचा इतिहास

#थ्रेड

१/ आजच्या एखाद्या नव्या पोकलेनच्या किंवा डोझरच्या केबिनचे दार लावले, की इंजिनाचा गडगडाट दूर कुठेतरी गेल्यासारखा भासतो. ही शांतता यंत्रासोबत जन्माला आली नाही. बहिरेपण हा कष्टकऱ्याच्या नशिबाचा भाग नव्हे, हे मान्य व्हायला फार मोठा काळ जावा लागला. त्या प्रवासाचा हा आढावा.

२/ इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात व्हेनिसच्या तांबटांचे वर्णन येते : दिवसभर हातोड्याचे घाव ऐकून त्यांचे कान मंदावतात आणि म्हातारपणी ते पुरते बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल, तर त्याला काय म्हणायचे होते हे वेगळे सांगायला नको.

३/ वाफेच्या युगात हातोडा बॉयलरच्या पोटात शिरला. रिव्हेट ठोकताना एक कामगार बाहेर असे, तर दुसरा आत आधार धरून बसे. १८८६ साली ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी १०० बॉयलर-कामगारांचे कान तपासले. एकाचीही श्रवणशक्ती निर्दोष आढळली नाही. तुलनेसाठी त्यांनी टपालवाटप करणारे पोस्टमनही तपासले होते.

४/ बार यांचे साधन होते खिशातले घड्याळ! त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, एवढेच ते मोजत. डेसिबल हे एकक १९२० च्या दशकात अमेरिकेतील बेल कंपनीच्या दूरध्वनी अभियंत्यांनी रूढ केले. म्हणजे व्याधी आधी दिसली, मोजपट्टी नंतर आली. आणि मोजपट्टीवाचून कायदा करणे अवघड.

५/ १९०४ साली कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे बेंजामिन होल्ट यांनी साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरची चाचणी घेतली. आजच्या डोझरचा वंश येथवर मागे नेता येतो. त्यानंतरची कित्येक दशके बहुतेक चालक उघड्या आसनावरच बसत. ऊन, धूळ, धूर आणि आवाज, सगळे थेट अंगावर.

६/ पुढे ऊन-पावसापासून बचाव म्हणून पत्र्याच्या केबिन आल्या, आणि इथे इतिहास एक विचित्र वळण घेतो. चौकटीला थेट बोल्टने जखडलेला पत्रा इंजिनाच्या कंपनाने स्वतःच ढोलासारखा वाजू लागला. अनेक केबिनमध्ये आवाज उघड्या आसनापेक्षाही जास्त भरे.

७/ त्यातच सुरक्षिततेचा प्रश्न आला. ट्रॅक्टर उलटून माणसे चिरडली जात. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये १९७० पासून तशी सक्ती झाली. जीव वाचू लागले, पण त्या पोलादी केबिन कानांवर मात्र उठल्या.

८/ अमेरिकेत १९६९ साली सरकारी कंत्राटे घेणाऱ्या उद्योगांसाठी ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आली. हा आकडा फसवा आहे. दर ३ डेसिबलला ध्वनिऊर्जा दुप्पट होते. म्हणून ९० आणि १०० यांतला फरक दहाचा नसून दहापटीचा आहे.

९/ १९७२ साली जॉन डिअर कंपनीने ‘साउंड-गार्ड’ केबिन आणली. उलटण्यापासून संरक्षण आणि आवाजापासून बचाव या दोन्ही गोष्टी तिच्या मूळ आराखड्यातच होत्या. ब्रिटनने १९७६ पासून नव्या ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये चालकाच्या कानाशी ९० डेसिबलची मर्यादा घातली. अशा केबिनना लोक ‘क्यू कॅब’ म्हणू लागले. क्यू म्हणजे ‘क्वाएट’.

१०/ यामागचे तंत्र काय? आवाज दोन वाटांनी येतो : हवेतून आणि सांगाड्यातून. सांगाड्याची वाट रबरी आधारांनी तोडायची, पत्र्याची थरथर लेप लावून जिरवायची, हवेतला आवाज जड भिंत आणि जाड काचेने अडवायचा, आत शिरलेला आवाज फोमने शोषायचा. आणि फटी बुजवायच्या. भिंत कितीही भक्कम असली, तरी क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा उघडी राहिली, तर २० डेसिबलपेक्षा जास्त घट मिळतच नाही.

११/ म्हणूनच शांत केबिनचा इतिहास वातानुकूलनाशी बांधलेला आहे. चंद्रपूरच्या खुल्या कोळसाखाणीत मे महिन्यात एसी बंद पडला, तर चालक काच उघडणारच. त्या क्षणी सगळे ध्वनिरोधन व्यर्थ ठरते. मग एसीची दुरुस्ती हा चैनीचा विषय राहत नाही, तो कानांच्या आरोग्याचा विषय होतो.

१२/ आपल्याकडे कायदा गप्प नाही. आवाजामुळे येणारे बहिरेपण कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत नोंदलेले आहे. पण हे बहिरेपण हळूहळू येते, दुखत नाही आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. त्यामुळे तक्रार करायला माणूस उशिरा पोहोचतो.

१३/ शिवाय केबिन फक्त आतल्या माणसाला वाचवते. ब्रेकरने खडक फुटत असताना शेजारी उभा असलेला मदतनीस आजही रामाझ्झिनीच्या तांबटाइतकाच उघडा आहे. त्याच्या कानांसाठी काय करायचे, हे या इतिहासाचे न लिहिलेले प्रकरण आहे.

१४/ आपल्या घरात, गावात कुणी अशी यंत्रे चालवत असेल, तर त्यांचा अनुभव खाली जरूर लिहा. धागा उपयुक्त वाटला, तर त्यांच्यापर्यंतही पोहोचवा.