दुर्बीण बाजूला वळवण्याची रीत

परग्रहांवरचे संदेश ऐकण्याची ओढ रेडिओइतकीच जुनी. १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेत निकोला टेस्ला यांच्या यंत्रावर ठरावीक लयीत खुणा उमटल्या. एक, दोन, तीन असं कुणीतरी मोजतंय, असं त्यांना वाटलं आणि हा शेजारच्या ग्रहाचा निरोप असावा, असं त्यांनी पुढे लिहिलंही.

ऑगस्ट १९२४मध्ये मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड टॉड यांच्या आग्रहावरून अमेरिकी नौदलाने आपल्या केंद्रांना अनावश्यक संदेश टाळायला आणि काही वेगळं ऐकू आलं तर कळवायला सांगितलं. सांकेतिक लिपी उलगडण्यात निष्णात असलेले विल्यम फ्रीडमन तयारीत होते. फ्रान्सिस जेंकिन्स यांच्या यंत्राने आलेले आवाज फिल्मवर उतरवले. त्या फिल्मवरच्या ठिपक्यांत लोकांना माणसाचे चेहरे दिसले!

या मंडळींच्या तळमळीबद्दल मला आदरच वाटतो. पण ते ऐकत होते त्या लांब लहरींना पृथ्वीभोवतीचं आयनांबर सहसा आत येऊ देत नाही. या आयनांबराचा प्रत्यक्ष पुरावा एडवर्ड अॅपल्टन यांच्या प्रयोगातून मिळाला, तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात. त्याहून मोठी उणीव दुसरीच होती. आलेला आवाज आपला की परका, हे ठरवायची कसोटीच कुणाकडे नव्हती.

कुठे ऐकायचं, याचं उत्तर १९५९मध्ये मिळालं. ज्युसेप्पे कोक्कोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी ‘नेचर’मध्ये १४२० मेगाहर्ट्झ ही वारंवारिता सुचवली. विश्वात सर्वाधिक असलेल्या हायड्रोजनची ही खूण. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही ती ठाऊक असणारच.

खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक स्वतंत्रपणे त्याच वारंवारितेवर ऐकायच्या तयारीत होते. ८ एप्रिल १९६०च्या पहाटे वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक इथे त्यांनी २६ मीटरची रेडिओ दुर्बीण टाउ सेटी या ताऱ्याकडे रोखली. प्रकल्पाचं नाव ओझ्मा. तो तारा मावळतीला गेल्यावर दुर्बीण एप्सिलॉन एरिडानीकडे वळली आणि काही मिनिटांतच स्पीकर धडधडू लागला, सेकंदाला आठ ठोके! ड्रेक यांनी दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला नेली. ठोके थांबले. परत ताऱ्यावर आणली, तरी शांतताच. जल्लोष करायचा मोह किती असेल! पण त्यांनी खिडकीबाहेर एक छोटा अँटेना बसवला. मोठी दुर्बीण ताऱ्याकडे आणि हा नुसताच बाहेर. दोन्हींवर एकदम आवाज आला, तर तो ताऱ्याचा नाही, इतकं साधं गणित. काही दिवसांनी ठोके पुन्हा आले आणि छोट्या अँटेनावरही ऐकू आले. आवाज इथलाच होता, बहुधा उंचावरून जाणाऱ्या विमानाचा.

ओझ्माला एकही संदेश मिळाला नाही. तरीही माझ्या मते या शोधाचा खरा जन्म त्या खिडकीपाशी झाला, कारण हवंहवंसं उत्तर स्वतःच खोडून काढायची सोय तिथे केली गेली. आजही ताऱ्याकडे रोखायचं, बाजूला वळवायचं, पुन्हा रोखायचं, हीच रीत चालते. २०१९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झजवळ एक संकेत टिपला. दुर्बीण वळवली की तो दिसेनासा व्हायचा, म्हणजे ही परीक्षा त्याने पार केली होती. संशोधक तरीही थांबले नाहीत. इतर वारंवारितांवर तसलेच संकेत सापडले आणि तो माणसाच्याच उपकरणांचा असल्याचं २०२१मध्ये त्यांनीच जाहीर केलं.