एका अबोल व्याधीचा इतिहास



खोंकला आला, शिंक आली, भरलेली बादली उचलली किंवा मनमोकळें हंसूं आलें, कीं लघवीचे कांहीं थेंब नकळत सुटतात, ही तक्रार उतारवयांतील स्त्रियांत फार सामान्य आहे. नित्य फिरावयास जाणाऱ्या, सारें घर सांभाळणाऱ्या धडधाकट स्त्रियाहि तिच्यांतून सुटत नाहींत. परंतु ती बोलून कोणीच दाखवीत नाहीं. प्रथम प्रवास टाळला जातो, मग कीर्तनाला जाणें बंद होतें, शेवटीं सकाळचें फिरणेंहि सुटतें, आणि घरचीं माणसें म्हणतात, "वय झालें!" जन्मभर इतिहास शिकविलेल्या माझ्यासारख्या मास्तरास हें उत्तर कितपत खरें आहे, तें तपासून पाहावेंसें वाटलें.

प्रथम शरीररचना थोडी पाहूं. कमरेच्या हाडांच्या कड्यांत, पुढून मागें, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व आंतड्याचा शेवटचा भाग यांना ती खालून आधार देते, व त्यांचीं द्वारें मिटून धरण्यासहि साह्य करते. बाळंतपणांत ती ताणली जाते, व पुढें वयोमानानें तिचें बळ उणावतें. खोंकतांना पोटांतील दाब एकदम वाढतो; त्या क्षणीं झोळी आवळली गेली नाहीं, तर थेंब सुटतात. व्याधीचा दुसरा प्रकार म्हणजे एकाएकीं अनावर वेग येऊन मोरीपर्यंत पोंचण्याआधींच लघवी होणें. चालण्यानें पाय बळकट होतात. पण तेवढ्यानें ही झोळीहि बळकट होते असें नाहीं. कष्टाळू स्त्रियांनाहि ही व्याधि कां होते, याचा उलगडा यांत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं डॉक्टरांची दृष्टि मुख्यतः शस्त्रक्रियेकडे होती. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. हॉवर्ड केली यांनीं १९१४ सालीं, मूत्राशयाच्या मुखापाशीं टांके घालून तो भाग आवळण्याची आपली पद्धति एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली. सैल झालेला स्नायु पुन्हा कामास लावतां येईल काय, हा प्रश्न त्या काळीं फारसा पुढें येत नसे.

तो प्रश्न ठामपणें मांडला लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनीं, १९४८ सालच्या आपल्या निबंधांत. दंडाचा स्नायु जसा व्यायामानें बळावतो, तसाच हाहि बळावेल, असें त्यांचें म्हणणें. अडचण एवढीच कीं, तो डोळ्यांना दिसत नाहीं, आणि नेमका आवळावा कसा हें पुष्कळ स्त्रियांना उमगत नाहीं. त्या पोट किंवा मांड्याच आवळतात. म्हणून त्यांनीं पेरिनिओमीटर नांवाचें उपकरण योजिलें. हवा भरलेली एक रबरी पिशवी योनिमार्गांत ठेवावयाची, व नळीनें ती दाबमापकास जोडावयाची. स्नायु बरोबर आवळला कीं कांटा वर चढे, आणि तो स्त्रीला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसे. धडा दिला, पण उत्तर बरोबर कीं चूक तें सांगितलें नाहीं, तर विद्यार्थी कसा शिकणार? केगेल यांनीं तें सांगण्याचीच सोय केली होती.

पुढें मात्र विपरीत घडलें. व्यायामास केगेल यांचें नांव चिकटलें, पण उपकरण व शिक्षक मागें पडून पुष्कळ ठिकाणीं नुसती तोंडी सूचना उरली. तिचा परिणाम १९९१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत दिसला. थोडक्यांत तोंडी सूचना दिलेल्या ४७ स्त्रियांपैकीं २३ जणींनाच व्यायाम उत्तम जमला. १२ जणींची रीत तर तक्रार वाढविण्याचा संभव असलेली होती.

उलट, नीट शिकविल्यास काय होतें तेंहि दिसून आलें. १९९८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ५५ ते ९२ वर्षें वयाच्या १९७ स्त्रिया होत्या. त्यांची तक्रार मुख्यतः दुसऱ्या प्रकारची होती. स्नायूंचें शिक्षण व वेग आवरण्याची संवय यांनीं लघवी सुटण्याचे प्रसंग सरासरीनें ८१ टक्के घटले. औषधानें ६९ टक्के, तर औषध नसलेल्या नुसत्या गोळीनें ३९ टक्के. पहिल्या प्रकाराविषयींहि नॉर्वेंत १०७ स्त्रियांवर झालेल्या व १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, विजेच्या उत्तेजनापेक्षां नियमित व्यायामच सरस ठरला.

तेव्हां "वय झालें" हें उत्तर अपुरें आहे. ब्रिटनमधील २०१९ सालच्या मार्गदर्शनाप्रमाणें, पहिल्या प्रकारांत प्रथम उपाय म्हणून जाणकाराच्या देखरेखीखालीं निदान तीन महिने व्यायाम करावा. रोज तीन वेळां, दर वेळीं निदान आठ आकुंचनें. स्नायु आंत व वर ओढावयाचा, खालीं जोर करावयाचा नाहीं, आणि श्वास कोंडावयाचा नाहीं. सर्वांनाच यानें संपूर्ण गुण येतो असें नाहीं. कांहींना औषध, कांहींना शस्त्रक्रियाहि लागते. लघवींत रक्त दिसल्यास किंवा जळजळ होत असल्यास मात्र व्यायामावर विसंबून न राहतां डॉक्टरांस दाखवावें.

भगिनींनो, ही गोष्ट डॉक्टरांस सांगण्यांत लाज नाहीं. आणि गृहस्थहो, घरांतील वडील स्त्रीनें अलीकडे फिरणें कां सोडलें, हें मायेनें विचारा. त्या एका प्रश्नानें तिचें सकाळचें फिरणें तिला परत मिळूं शकेल.