तलवारी काढून घेणारा सामुराई

'द लास्ट सामुराई' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही बंडखोरांच्याच बाजूने होतो. सुटाबुटातला मंत्री ओमुरा डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा. पुढे त्या बंडाचा खरा इतिहास वाचताना ओकुबो तोशिमिची भेटला.

जपानचा हा गृहमंत्री स्वतःच सामुराई, जन्म १८३०, गाव कागोशिमा. बंडाचा नेता साइगो ताकामोरी हा त्याचा शेजारपाजारचा बालमित्र. १८६८ साली शोगुनांची सत्ता उलथवण्यात दोघे बरोबर होते. मग ओकुबो दीडेक वर्ष अमेरिका-युरोपातले कारखाने बघत हिंडला. परतला तर साइगो कोरियाशी युद्ध ओढवेल अशी मोहीम काढायला निघालेला. ओकुबोने ती रोखली. साइगो राजीनामा देऊन गावी गेला.

ओकुबो मवाळ नव्हता, हेही सांगायला हवं. एतो शिम्पेइ हा जुना सहकारी बंडात सापडला, तेव्हा त्याचं मुंडकं छाटून लोकांना दाखवलं गेलं. १८७६मध्ये पोलीस-सैन्य वगळता तलवार बाळगायला बंदी आली, सामुराईंचा वंशपरंपरागत तनखा बंद करून हाती रोखे दिले गेले. पुढच्याच वर्षी साइगोचं बंड, आणि त्यात साइगोचा मृत्यू.

१४ मे १८७८. टोकियोत सहा माजी सामुराईंनी ओकुबोची बग्गी अडवली आणि त्याला तलवारींनीच मारलं. वय ४७. मागे उरलं ते बरंचसं कर्ज.

कागोशिमात साइगोचा पुतळा १९३७ साली उभा राहिला. ओकुबोचा, १९७९मध्ये.