नगरच्या कानातली तार

फोनच्या हेडफोनला वायर असावी की नसावी, या वादातल्या ‘वायरलेस’ला मराठीत ‘बिनतारी’ हा शब्द फार पूर्वीच मिळाला होता. तेव्हा ‘तार’ म्हणजे धातूची तार आणि तिच्यावरून येणारा संदेशही. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये नगरवरून गेला. रुळांच्या कडेला खांब आणि खांबांवर तारा हे रेल्वेचे नेहमीचेच चित्र होते. घरी तार आली म्हणजे आधी कोणाच्या तरी काळजाचा ठोका चुके. या तारेशिवाय जाणारा संदेश तो बिनतारी. शब्द नेमका होता, पण त्याने एक गैरसमज पेरला : बिनतारी यंत्राला तार लागत नाही. नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) माणसे ऐकत कशी आली, हे पाहिले तर तार दर वेळी नव्या जागी भेटते.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळचा सर्वांत स्वस्त संच गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर चाले. अशा खड्याने लहरी पकडण्याच्या युक्तीचे अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये मिळाले होते. या संचाला बॅटरी लागत नसे. लहरीतून मिळेल तेवढ्याच ऊर्जेवर तो चाले, त्यामुळे कर्णा वाजणे शक्य नव्हते. हेडफोन कानाला लावूनच ऐकावे लागे. म्हणजे नभोवाणीच्या पहिल्या पिढीतच, लहर बिनतारी आणि कान तारेला बांधलेला, अशी विभागणी झाली होती. नगर मात्र मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर दूर. एवढ्या अंतरावर खड्याचा संच कामाचा नव्हता. व्हॉल्व्हचा रेडिओ हवा, छपरावर एरियलची लांब तार हवी, ओलसर जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार हवी, आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यानुसार सरकारी परवानाही हवा. हा परवाना पुढे अनेक वर्षे पोस्टातून घ्यावा लागे. बिनतारी यंत्र घरात आणायचे तर दोन तारा आणि एक कागद एवढा सरंजाम होता.

हा सरंजाम कमी झाला की सत्तेला त्याची धास्ती वाटे, याचा दाखला नगरच्या किल्ल्यातच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य मुंबईत पकडून येथे आणले गेले. त्यांत पंडित नेहरू, सरदार पटेल आणि मौलाना आझाद होते. आझादांजवळ हाताने नेता येईल असा छोटा रेडिओ होता. बाकीचे सामान आत गेले. रेडिओ मात्र अधिकाऱ्यांनी काढून घेतला आणि सुटका होईपर्यंत तो त्यांना दिसला नाही, असे आझादांनी आत्मकथनात नोंदवले आहे. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रेही बंद होती. त्याच दिवसांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. नोव्हेंबरात तो पोलिसांनी पकडला. ज्यांचे आदेश त्यावरून देशाला ऐकवायचे, ते नेते किल्ल्याच्या भिंतीआड होते आणि त्यांच्या कानापर्यंत त्यातले काहीच पोचत नव्हते.

किल्ल्याबाहेरच्या छावणीत तारेच्या आणि बिनतारी ऐकण्यात कामाची सर्वांत काटेकोर वाटणी झाली, ती रणगाड्यात. नगरमध्ये लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा १९४८ पासून आहे, आणि १९९४ मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालयही येथेच आहे. रणगाड्याच्या आत इंजिन, साखळ्या आणि तोफ यांच्या आवाजात शेजारच्या माणसाचे ओरडणेही ऐकू जात नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या चिलखती दलांनी ‘क्रमांक १९’ हा संच वापरला. त्याची तीन कामे होती : दूरच्या मुख्यालयाशी बोलणे, जवळच्या रणगाड्यांशी बोलणे आणि त्याच रणगाड्यातल्या चौघा-पाचांनी एकमेकांशी बोलणे. पहिली दोन बिनतारी होती. तिसरे पूर्णपणे तारेचे होते, कारण हातभर अंतरावरच्या चालकाला ‘डावीकडे’ सांगायला आकाशात लहर सोडण्याचे कारण नसते, आणि सोडली तर ती शत्रूही ऐकतो. प्रत्येकाच्या कानावरचा हेडफोन वायरीने पेटीला जोडलेला असे. रणगाडा पेटला तर ही वायर गळ्याचा फास होऊ नये म्हणून तिचा प्लग हिसका बसताच सुटेल असा केलेला होता. आजच्या वादात वायर अडकते ही तक्रार वारंवार येते. तिच्यावर पहिला उपाय वायर काढून टाकण्याचा नव्हता, सहज सुटणारा प्लग करण्याचा होता.

गावोगावी ऐकणे तेव्हा सामूहिक होते. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. या केंद्रावरून १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत लोक आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमत, अर्धा तास ऐकत आणि मग चर्चा करत. अशा बैठकीत हेडफोनचा उपयोग शून्य. कान एकट्याचा झाला तो ट्रान्झिस्टरमुळे. त्याच्यासोबत एका कानात घालायची गोळी आणि बारीक वायर येई, तिचे टोक साडेतीन मिलिमीटरच्या पिनेचे. या पिनेचा थोरला भाऊ, पाव इंची जॅक, एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजच्या फळीवर जन्मला होता. पुढे १९७९ च्या वॉकमनने धाकट्या पिनेला जगभर मान्यता दिली. कचेरीत साहेबांसमोर बसून क्रिकेटचे समालोचन ऐकण्याची सोय याच वायरीने केली. ती शर्टाच्या बाहीतून वर नेण्याचे कसब अनेकांनी आत्मसात केले होते.

मोबाइल फोनवर रेडिओ आला तेव्हा या वायरीवर दुसरे काम पडले, आणि नगर जिल्ह्याच्या दृष्टीने सगळ्या वादात हेच महत्त्वाचे आहे. शहरात आकाशवाणीचे एफएम केंद्र आहे. ‘स्नेहालय’ संस्थेचा ‘रेडिओ नगर’ हा सामुदायिक रेडिओ ९०.४ मेगाहर्ट्झवर चालतो. या कंपनसंख्येच्या लहरीची लांबी सुमारे ३.३ मीटर, आणि ती नीट पकडायला तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे ८३ सेंटिमीटरच्या आसपास तार लागते. फोनच्या पेटीत एवढी तार मावत नाही. हेडफोनची वायर मात्र मीटर-सव्वा मीटरची असते. म्हणून बहुतेक फोन तिलाच एरियल करतात आणि पिन घातल्याशिवाय रेडिओ सुरूच होत नाही. आवाजाचा प्रवाह सेकंदाला फार तर वीस हजार हेलकावे घेतो, रेडिओलहर नऊ कोटींहून अधिक. एवढ्या फरकामुळे एकाच वायरीवरून आवाज कानाकडे जातो, लहर फोनकडे येते, आणि दोघांची गाठ पडत नाही. सामुदायिक केंद्रांची प्रक्षेपणशक्ती नियमाने १०० वॉटपुरती मर्यादित असते, त्यामुळे शहराबाहेर पडताच वायर सरळ सोडली की गुंडाळलेली, यानेही फरक पडतो. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांआड मात्र एफएमचे काही चालत नाही, कारण ही लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. तेथे मध्यम लहरींचा जुना रेडिओच अधिक भरवशाचा.

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून या पिनेचे भोक काढले आणि त्या निर्णयाला ‘धैर्य’ म्हटले. त्याआधीही काही चिनी कंपन्यांनी पिन काढली होती, पण बोभाटा ॲपलचाच झाला. फोनमध्ये जागा वाचते, बॅटरी मोठी बसते, पाणी शिरायला एक भोक कमी होते, ही कारणे खरी आहेत. पिन काढणाऱ्याच कंपनीने बिनतारी इअरफोन विकायला काढले, हेही खरे. सॅमसंगने २०१९ मध्ये नोट १० मधून पिन काढली. स्वस्त फोनांत ती राहिली. २०१७ च्या जिओफोनमध्ये पिनही होती आणि एफएमही.

ब्लूटूथच्या इअरफोनमध्येसुद्धा तार संपलेली नाही. आवाज निर्माण करणारा पडदा हलतो तो चुंबकात बसवलेल्या बारीक तांब्याच्या वेटोळ्यामुळेच, आणि चार्जिंगसाठी डबी बहुधा वायरीला जोडावीच लागते. वायरीच्या हेडफोनची ‘एक बाजू गेली’ तर डाग देऊन ती पुन्हा जोडता येते. बड्समधली हरभऱ्याएवढी बॅटरी दमली की दुरुस्ती परवडत नाही. गाणे ऐकताना ब्लूटूथचा अंशभर सेकंदाचा उशीर जाणवत नाही; गेम खेळताना जाणवतो. गळ्यात अडकवायचा नेकबँड ही दोन्ही पक्षांची तडजोड : फोनपासून सुटका, पण दोन कानांमध्ये वायर कायम, म्हणजे एक गोळी हरवण्याची भीती नाही. भारतात तो इतका खपला यात नवल नाही.

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये फोन उत्पादकांना सूचना केली की ज्या फोनांत एफएमची सोय आहे तेथे ती बंद ठेवू नये. पूर, वादळ अशा आपत्तीत इंटरनेट बंद पडले तरी रेडिओ चालतो. अलीकडच्या काही साध्या फोनांत एरियल आतच असते आणि त्यांचा एफएम पिनेशिवाय लागतो. बाकीच्यांना वायर लागते. ज्यांच्या कानात फक्त बड्स आहेत, त्यांच्या फोनवर हा रेडिओ लागायचा तर आधी घरातल्या खणातून जुना हेडफोन शोधावा लागतो, आणि फोनला गोल पिनेचे भोकही असावे लागते.