जुन्या मोटारींतील विद्युत-बिघाडांचा शोध : मुंबईच्या दुरुस्ती-परंपरेचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

३० ऑक्टोबर २०२३ पासून 'प्रीमियर पद्मिनी' ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतरीत्या बाद झाली. अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची वयोमर्यादा त्या दिवशी संपली. वृत्तपत्रांनी या घटनेची दखल मुख्यतः शहराच्या आठवणींच्या अंगाने घेतली. परंतु त्या गाडीबरोबर एक विद्याही मागे पडली. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीचे वायरिंग वाचून नेमका बिघाड कोठे आहे हे सांगण्याची ती विद्या होय. भारतीय मोटार-उद्योगाच्या इतिहासलेखनात कारखाने, उद्योगपती आणि परवाना-धोरण यांना भरपूर जागा मिळाली आहे. दुरुस्तीला मात्र क्वचितच. ही विद्या कोणत्या परिस्थितीत घडली आणि तिची कार्यपद्धती काय होती, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

एकतारी रचना

मोटारीत वीज आली ती प्रथम ठिणगीपुरती. दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत आणि इंजिन हाताने हॅण्डल मारून सुरू करावे लागे. चार्ल्स केटरिंग याने सिद्ध केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला, आणि बॅटरी, डायनमो, दिवे व स्टार्टर यांचे एकत्र जाळे ही मोटारीची आवश्यक गोष्ट ठरली. या जाळ्यात एक काटकसर रूढ झाली. प्रत्येक उपकरणाकडे जाणारी तार स्वतंत्र असली, तरी परतीचा मार्ग म्हणून गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरला जाऊ लागला. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडले की परतीच्या तारांची गरज उरत नाही. यालाच 'अर्थ' किंवा बोलीत 'अर्थिंग' म्हणतात.

तांब्याची बचत झाली खरी, पण तिची किंमत पुढे दुरुस्ती करणाऱ्याने मोजली. विद्युत-मंडलाचा अर्धा भाग डोळ्यांना दिसेनासा झाला. जाणारी तार बोटाने मागोवा घेत तपासता येते. परतीचा मार्ग मात्र पत्रा, रंग, गंज, स्क्रू आणि वेल्डिंगचे सांधे यांतून जातो. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हे सांधे सर्वांत आधी निकामी होतात. जुन्या गाडीतील बिघाड उपकरणात कमी आणि सांध्यात अधिक असतो, हे गॅरेजमधील अनुभवी माणसाचे पहिले गृहीतक होते आणि ते निराधार नव्हते.

अर्थ कोणत्या टोकाला द्यावा याविषयीही एकवाक्यता नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे तीस वर्षे बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडले जाई. फियाटच्या गाड्यांत ऋण टोक. एकाच गल्लीतील गॅरेजमध्ये दोन्ही प्रकारच्या गाड्या येत. डायनमोच्या काळात टोके उलटी जोडली गेली तरी नुकसान बहुधा निस्तरता येई. १९६० मध्ये क्रायस्लरने व्हॅलिअंट गाडीत अल्टरनेटर आणल्यानंतर आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाल्यानंतर हीच चूक डायोड जाळू लागली.

मर्यादित नमुने, दीर्घ आयुष्य

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव राहिला नाही. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम आवरते घेतले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे भारतीय ग्राहकापुढे मोजकेच नमुने होते. त्यांपैकी मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली ॲम्बॅसिडर २०१४ पर्यंत, तर फियाट ११०० च्या वंशातील, १९७४ पासून 'पद्मिनी' नाव धारण केलेली गाडी नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तयार होत राहिली.

या धोरणाचे आर्थिक मूल्यमापन पुष्कळ झाले आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो. नमुने थोडे आणि मूळ रचना दशकानुदशके तीच. त्यामुळे एका कारागिराच्या हाताखालून एकाच जातीच्या शेकडो गाड्या जात. वायरिंगचा आराखडा कागदावर पाहण्याची गरज त्याला उरत नसे. १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा यांनी औपचारिक शिक्षणाची सोय केली. तथापि, गल्लीतील गॅरेजमध्ये ही विद्या उस्तादाकडून पोराकडे, हातातून हातात जात राहिली.

दुसरीकडे, नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे लागत असल्याने जुनी टिकवणे भाग होते. प्रत्येक दुरुस्तीचा एक थर वायरिंगवर चढत गेला. ब्रिटनच्या लुकास कंपनीच्या पद्धतीत तारांचे रंग अर्थपूर्ण असत : तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून येणारी, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून जाणारी, निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी मागच्या व बाजूच्या दिव्यांची, काळी अर्थची. तुटलेली पांढरी तार बदलताना दुकानात मिळेल ती तांबडी तार जोडली की ही भाषा तेथे तुटे. अशा दहा-बारा दुरुस्त्यांनंतर रंगांवर विश्वास ठेवणे धोक्याचे ठरे. त्याच पद्धतीच्या अनेक जुन्या गाड्यांत सबंध गाडीला दोनच फ्यूज असत आणि मोठ्या दिव्यांच्या तारा फ्यूजविनाच जात. जळालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळण्याची सवय सर्वपरिचित आहे. तो कागद वितळत नसे. त्याच्याऐवजी तार तापे. कारागिराची चूक येथे केवळ गैरसोयीची नव्हती, गाडीला आग लागण्याचीही होती.

बिघाड शोधण्याची पद्धत

'गाडी सेल्फ घेत नाही' ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार. बोलीत स्टार्टरलाच 'सेल्फ' म्हणतात. किल्ली फिरवली की केवळ 'टक्' असा आवाज येतो. मालक बॅटरीला दोष देतो आणि अनेकदा नवी बॅटरी विकतही घेतो. वास्तविक, स्टार्टर सुमारे २०० अँपिअर प्रवाह ओढतो. मार्गात कोठेही ०.०१ ओहम इतका नगण्य रोध निर्माण झाला तर ओहमच्या नियमानुसार दोन व्होल्ट तेथेच खर्च होतात. बॅटरीच्या टोकावर जमलेला पांढरट-हिरवट थर एवढा रोध सहज निर्माण करतो.

याहून फसवा बिघाड इंजिन आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या वेणीसारख्या पट्टीचा. इंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने विजेच्या दृष्टीने ते सांगाड्यापासून जवळजवळ अलग असते. ही पट्टी तुटली की प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि चोकची किंवा ॲक्सिलरेटरची पोलादी तार ही अशी वाट असते. सेल्फ मारल्यावर चोकची तार हाताला गरम लागली, तर जाणत्याला आणखी काही तपासावे लागत नसे. उपकरणाविना केलेले हे निदान कोणत्याही प्रयोगशाळेत मान्य व्हावे.

मागच्या दिव्यांचे उदाहरण अधिक बोधक आहे. डावा सिग्नल दिला असता त्या बाजूचा मागचा दिवाही त्याच तालात मंद लुकलुकतो. नवशिका सिग्नलचा फ्लॅशर बदलतो, खटका बदलतो, आणि दोष कायम राहतो. दोष असतो दिव्याच्या घराला अर्थ देणाऱ्या गंजलेल्या स्क्रूमध्ये. परतीची वाट बंद झाल्याने सिग्नलचा प्रवाह शेजारच्या बल्बच्या तंतूतून उलटा शिरतो आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यामार्गे सांगाडा गाठतो. कानशीने स्क्रूची जागा घासली की काम होते.

या शोधाचे मुख्य साधन टेस्ट लॅम्प हे होते : एक लहान बल्ब, दोन तारा, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार सळई. डिजिटल मल्टीमीटर आल्यानंतर हे साधन मागासलेले समजले गेले. तो समज सर्वस्वी योग्य नाही. सात पदरांपैकी सहा पदर तुटलेल्या तारेच्या टोकाला मल्टीमीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. पुरेशा शक्तीचा बल्ब मात्र तारेवर भार टाकतो आणि मंद पेटून दुबळेपणा उघड करतो. मल्टीमीटरचा खरा उपयोग दिवा चालू ठेवून, बॅटरीचे अर्थ टोक आणि दिव्याचे घर यांच्यामधील व्होल्ट मोजण्यात आहे. तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर अर्थ खराब समजावा. दाब दहा टक्क्यांनी घटला तर तंतूच्या बल्बचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, एवढे लक्षात घेतले म्हणजे पावसाळी रात्री जुन्या गाड्यांचे दिवे इतके मिणमिणते का भासत याचा उलगडा होतो. त्यातही जुन्या डायनमोची क्षमता सुमारे २० अँपिअर आणि इंजिन संथ असताना तो जवळजवळ काहीच देत नसे. दादर-परळच्या रहदारीत वायपर, दिवे आणि इग्निशन यांचा भार बॅटरीवरच पडे.

नव्या यंत्रणेचा प्रवेश

टॅक्सींना सीएनजी बसविण्यात आले तेव्हा या जुन्या जाळ्यात गॅसचे व पेट्रोलचे विद्युत व्हॉल्व्ह आणि बदल-खटका यांची भर पडली. मूळ रचनाकारांनी न कल्पिलेला हा भार जुन्या इग्निशन खटक्यावर आणि इग्निशनच्या तारेवर आला. चढावर गाडी गचके खाऊ लागली की प्रथम गॅस-किटला नावे ठेवली जात. पुष्कळदा खटक्याचे झिजलेले संपर्क हे कारण निघे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि नमुन्यांची संख्या वाढू लागली. एप्रिल २०१० पासून भारत स्टेज चारच्या वाहनांत गाडीतच निदान करणारी यंत्रणा अनिवार्य झाली, तर २०१३ पासून तिचा दुसरा टप्पा लागू झाला. निदानाची सुरुवात आता संकेतांक वाचण्यापासून होऊ लागली. संकेतांक संबंधित मंडलाचे नाव सांगतो. गंजलेल्या स्क्रूचे नाव सांगत नाही. एखाद्या सेन्सरचा अर्थ खराब झाला की यंत्रणा त्या सेन्सरवरच ठपका ठेवते, सेन्सर बदलला जातो, आणि काही दिवसांनी तोच संकेतांक पुन्हा उमटतो. अशा वेळी गॅरेजमधील एखादा पन्नाशी उलटलेला माणूस कप्प्यातून जुना टेस्ट लॅम्प काढतो आणि चिमटा आधी बॅटरीच्या टोकाला लावतो, सांगाड्याला नव्हे.