बर्फावरची मोटार आणि डोंगराची वाट

कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत व्हॅलकूर नांवाचें एक लहानसें गांव आहे. एके काळीं हिवाळा लागला म्हणजे तेथील रस्ते बर्फाखालीं गडप होत, मोटारी महिनेच्या महिने झांकून ठेवाव्या लागत, आणि घोड्याची घसरगाडी हेंच काय तें वाहन उरे. इ. स. १९३४ च्या हिवाळ्यांत या गांवांतील एका मोटार-कारागिराचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकारानें एकाएकीं अत्यवस्थ झाला. शस्त्रक्रिया करावयाची तर शेरब्रूकच्या रुग्णालयांत न्यावयास हवें होतें, आणि वाट तर बर्फानें बंद. मूल दगावलें. त्या कारागिराचें नांव जोझेफ-आर्मां बॉम्बार्डिए.

बर्फावरून धांवणारी गाडी करण्याचा नाद त्याला पंधराव्या वर्षापासूनच होता. १९२२ सालीं त्यानें फोर्ड मोटारीचें एक जुनें एंजिन घसरगाडीवर चढवून, त्याला विमानासारखा पंखा जोडून ती गांवांतून पळविली होती. आणि तो उघडा गरगरता पंखा पाहून बापानें ती ताबडतोब मोडावयास लावली होती. मुलाच्या मृत्यूनंतर हा नाद नाद राहिला नाहीं. बर्फांत चाक रुततें, कारण गाडीचा सगळा भार तळहाताएवढ्या चार जागांवर पडतो. तोच भार लांबरुंद पट्ट्यावर पसरला तर गाडी वर तरंगते. हें तत्त्व नवें नव्हतें. अडचण होती ती पट्टा फिरविणाऱ्या दांतेरी चाकांत बर्फ दाटून बसण्याची. बॉम्बार्डिएनें तें चाक रबरानें मढविलें, पट्टेहि रबराचे केले, आणि १९३७ सालीं या योजनेचें पेटंट त्याला मिळालें. सात माणसें बसतील अशी ‘बी-७’ नांवाची त्याची गाडी त्याच सुमारास विक्रीस निघाली. पुढें बारा जणांची निघाली. तिचीं गिऱ्हाइकें कोण, तर डॉक्टर, टपाल पोंचविणारे, शाळेच्या मुलांची ने-आण करणारे. ज्या कामासाठीं १९३४ मध्यें गाडी मिळाली नाहीं तेंच काम ती आतां करूं लागली.

बर्फावर एंजिन नेण्याचा प्रयत्न त्यापूर्वींहि झाला होता, आणि त्याची कथा प्रवासाची आखणी करणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या कप्तान स्कॉटनें वुल्झली कारखान्यांत पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या करविल्या होत्या. त्या घडविण्यांत ज्या रेजिनल्ड स्केल्टन या नाविक एंजिनियरानें सर्वांत अधिक श्रम घेतले, त्यालाच हुद्द्याच्या मानापमानावरून मोहिमेंतून वगळण्यांत आलें. ८ जानेवारी १९११ रोजीं जहाजांतून उतरवितांना तिसरी गाडी समुद्रावरील पातळ बर्फ फोडून तळाशीं गेली. उरलेल्या दोन २४ ऑक्टोबरला निघाल्या. बाहेर हाडें गोठविणारी थंडी आणि आंत नळकांडीं तापून लाल, असा चमत्कारिक रोग त्या एंजिनांना जडला. थोड्या थोड्या वेळानें थांबून तीं निववावीं लागत. आठवडा-दीड आठवड्याच्या आंत दोन्ही गाड्या वाटेंत टाकून देऊन त्यांवरील चौघां जणांनीं ओझें स्वतः ओढीत पुढची वाट धरली. यंत्र सोबत घेतलें पण यंत्र जाणणारा घरीं ठेवला, ही चूक स्कॉटसारख्या दक्ष माणसाकडून व्हावी याचें नवल वाटतें.

अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांतील सेनर गांवच्या कार्ल एलिअसननें १९२४ मध्यें होडीचें लहान एंजिन लांकडी घसरगाडीवर बसवून एकट्या माणसाची हिमगाडी केली होती. मित्र शिकारीस निघाले कीं पायाच्या व्यंगामुळें त्याला मागें राहावें लागे; त्यांतून ही युक्ति निघाली. परंतु घरोघर पोंचली ती बॉम्बार्डिएचीच गाडी, आणि तीहि एका आपत्तींतून. १९४८ मध्यें क्वेबेकच्या सरकारनें खेड्यांतील रस्ते हिवाळ्यांत नांगरून मोकळे ठेवण्याचें ठरविलें, आणि मोठ्या हिमगाड्यांचा खप एकदम घसरला. तेव्हां त्यानें लहान गाडीकडे लक्ष वळविलें. हलकीं एंजिनें बाजारांत येतांच १९५९ मध्यें ‘स्की-डू’ बाहेर पडली. पहिल्या गाड्यांपैकीं एक उत्तर ऑन्टारिओंत आदिवासींमध्यें काम करणाऱ्या त्याच्या एका मिशनरी मित्राकडे गेली. एंजिन सुमारें सात अश्वशक्तीचें. कुत्र्यांच्या गाडीला पर्याय, एवढाच तिचा मूळ हेतु. बॉम्बार्डिए १९६४ मध्यें वारला. आपल्या गाडीचें पुढें खेळणें कसें झालें याचा केवळ आरंभच त्याला पाहावयास मिळाला.

या लहान गाडीनें किती दूर जातां येतें हें मिनेसोटांतील राल्फ प्लेस्टेड या विमा-विक्रेत्यानें दाखविलें. १९६७ मध्यें उत्तर ध्रुवाकडे निघालेली त्याची तुकडी अर्ध्या वाटेवरून परत आली. दुसरा कोणी खचला असता. प्लेस्टेडनें एका वर्षांत आखणी दुरुस्त केली. ७ मार्च १९६८ रोजीं वॉर्ड हंट बेटावरून निघून १९ एप्रिलला तो तीन सोबत्यांसह ध्रुवावर पोंचला. दुसऱ्या दिवशीं अमेरिकेच्या वायुदलाच्या विमानानें त्यांचें स्थान पडताळून पाहिलें. विमानांतून इंधन व अन्न टाकण्याची व्यवस्था, रोज बिनतारी संदेशांनीं संबंध, आणि गाड्या दुरुस्त करणारा माणूस तुकडींतच, असें सर्व काटेकोर जमविलें होतें. चौघांपैकीं एक जण बॉम्बार्डिएचा पुतण्या होता. स्कॉटनें जें केलें नाहीं तें येथें झालें.

ध्रुवाकडील बर्फ दगाबाज खरें, पण तें पायांखालीं असतें. डोंगरांतलें बर्फ डोक्यावरहि असतें, आणि हिमगाडीच्या इतिहासाला खरें वळण तेथें लागतें. सात अश्वशक्तीची गाडी उभ्या चढावर जाऊंच शकत नसे. तिची दुर्बलता हेंच तिच्या स्वाराचें संरक्षण होतें. एंजिनें बळकट झालीं, पट्टे लांब झाले, आणि पूर्वीं पायीं जाण्यास दिवस लागे त्या कड्याखालीं स्वार घटकाभरांत पोंचूं लागला. आजच्या डोंगरी गाडींत दीडशेंहून अधिक अश्वशक्ति असते.

हिमलोट म्हणजे सैल बर्फाची घसरण असें सामान्यतः वाटतें. माणसाचा घात करणारा लोट बहुधा तसा नसतो. थंडीच्या निरभ्र रात्रीं बर्फाच्या पृष्ठावर साखरेसारखे ठिसूळ कण तयार होतात; त्यांवर नव्या बर्फाचा जाड थर बसतो; वरून सारें शुभ्र, भक्कम दिसतें. उतार सामान्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, आणि एकाद्या जागीं भार पडून तो ठिसूळ थर चिरडला, कीं भेग वाऱ्यासारखी पसरते आणि अख्खी लादी सुटते. कित्येकदां स्वार खालच्या सपाटीवर असतां वरचा उतार सुटतो. पायीं चालणाऱ्याला थर खचल्याचा दबका आवाज तरी ऐकूं येतो. हिमगाडीवाल्याच्या कानांत एंजिनाशिवाय कांहींच शिरत नाहीं.

हें ज्ञान फार महाग पडलें आहे. पहिल्या महायुद्धांत, १३ डिसेंबर १९१६ रोजीं, आल्प्समधील मार्मोलादा शिखराखालीं एका ऑस्ट्रियन छावणीवर लोट कोसळून शेंकडों सैनिक मेले. स्वित्झर्लंडनें १९३६ पासून दाव्होसच्या वर वाइसफ्लूयोख येथें बर्फाचे थर कापून त्यांचा अभ्यास चालविला. १९४२ मध्यें त्याची रीतसर संस्था झाली. गाडलेल्या माणसाचा शोध घेणारें पहिलें यशस्वी बिनतारी यंत्र अमेरिकेंतील जॉन लॉटन या संशोधकानें १९६८ च्या सुमारास तयार केलें, आणि त्याला उत्तरेकडील पुराणांतल्या ‘स्काडी’ या हिमदेवतेचें नांव दिलें. तोंपर्यंत लांब काठ्या खुपसून शोध घेणें एवढाच उपाय होता. लोटाखालीं सांपडलेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर दहांपैकीं नऊ वेळां वांचतो. अर्ध्या तासानें तिघांपैकीं एक. बाहेरची मदत तोंवर पोंचतच नाहीं. सोबती हेच काय ते तारक.

परंतु सोबत्यांनीं तरी कसें धांवावें? २८ डिसेंबर २००८ रोजीं ब्रिटिश कोलंबियाच्या आग्नेय कोपऱ्यांत हार्वे खिंडीजवळ अकरा हिमगाडीवाले गेले होते. स्पारवुड या कोळशाच्या खाणींच्या गांवचे ते सारे; अनुभवी, फावडीं आणि शोध-यंत्रें जवळ बाळगणारे. पहिल्या लोटानें सात जणांना गाडलें. जवळपास असलेले चौघे तत्काळ धांवून आले आणि खणूं लागले. तोंच वरून दुसरा लोट आला आणि अकराहि जण बर्फाखालीं गेले. दोघे कसेबसे आपण होऊन बाहेर निघाले. त्यांनीं तिसऱ्याला खणून काढलें. आणखी लोट येण्याची भीति असल्यानें त्या तिघांना तेथून निघावें लागलें. आठ जण गेले. एकाहि कुटुंबाला त्या चौघांच्या धांवण्याला अविचार म्हणवणार नाहीं. तरी वर टांगलेलें बर्फ उतरलें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम एकाकडे सोंपवून मगच बाकीच्यांनीं उतारावर जावें, असें आज जें शिकविलें जातें तें अशाच दिवसांनीं शिकविलेलें आहे. दीड वर्षाच्या आंत, १३ मार्च २०१० रोजीं, त्याच प्रांतांत रेव्हेलस्टोकजवळ बोल्डर पर्वतावर हिमगाड्यांच्या चढाओढीस सुमारें दोनशें लोक जमले असतां लोट येऊन दोघे मेले व सुमारें तीस जखमी झाले. एका उतारावर अनेकांनीं एका वेळीं असूं नये, हा नियम तेथें कोणाला ठाऊक नव्हता असें नाहीं.

आपल्याकडेहि हा विषय अगदीं परका नाहीं. गुलमर्गला गेलेलीं पुण्या-मुंबईचीं कुटुंबें भाड्याच्या हिमगाडीवर फेरी मारून येतात. त्याच गुलमर्गच्या वर खिलनमर्ग येथें ८ फेब्रुवारी २०१० रोजीं लष्कराच्या शिक्षणार्थी तुकडीवर लोट कोसळून सतरा जवान मृत्यु पावले.

आतां ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत जाणाऱ्या जाणत्या टोळीची तयारी आदल्या संध्याकाळीं सुरू होते. प्रथम त्या दिवसाचें हिमलोट-पत्रक वाचावयाचें. धोक्याच्या पांच पायऱ्यांपैकीं कोणती, आणि दुबळा थर कोणत्या दिशेच्या उतारांवर, हें पाहून वाट ठरवावयाची. पत्रक वाईट असेल तर सपाट जंगलांतली वाट, किंवा घर. इंधनाचे तीन भाग: एक जाण्याचा, एक येण्याचा, एक संकटाचा. परतण्याची वेळ ठरवून ती घरीं सांगून ठेवावयाची. शोध-यंत्र अंगावर कपड्यांच्या आंत, आणि फावडें व काठी पाठीवर. गाडीवर बांधलेलें फावडें गाडीबरोबर जातें, आणि लोट प्रथम स्वाराला गाडीपासूनच तोडतो. चढावर एका वेळीं एकच. आणि कोणाची गाडी उतारावर रुतली तर त्याची त्यानेंच सोडवावी, बाकीच्यांनीं दूर उभें राहून पाहावें, हा सर्वांत अवघड नियम. कारण मित्र अडकला असतां स्वस्थ उभें राहणें मनुष्यस्वभावाला जात नाहीं. कित्येक वाटांच्या तोंडाशीं आतां एक फलक उभारलेला असतो. ज्याच्या अंगावरील शोध-यंत्र चालू असेल तो पुढून गेला कीं फलकावरचा दिवा लागतो. टोळी एकेक करून त्यापुढून जाते, आणि दिवा न लागल्यास सगळे थांबतात.